समाजमंदिरातील निःशुल्क सायंकालीन प्रौढवर्ग : स्वरूप, अडचणी आणि महाविद्यालयांची भूमिका

सारांश :
प्रौढ निरक्षरांसाठी समाजमंदिरात चालविल्या जाणाऱ्या निःशुल्क सायंकालीन वर्गांचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. वर्ग निःशुल्क असला तरी शिकणाऱ्याला त्याची किंमत वेळ, श्रम आणि संकोच या रूपांत मोजावी लागते. त्यामुळे वर्गाचे यश नोंदणीच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मिळालेल्या अध्ययन-तासांवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रौढ शिक्षण, समाजमंदिर, अध्ययन-तास, राष्ट्रीय सेवा योजना.

१. प्रस्तावना

शिकण्याच्या वयात शाळेबाहेर राहिलेल्या स्त्री-पुरुषांना कामाच्या वेळेनंतर शिकविण्याची परंपरा महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि कामगार यांच्यासाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसा राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा असून नसल्यासारखीच, ही साधी पण मूलभूत जाणीव त्यामागे होती.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. पुरुषांत हे प्रमाण ८८.३८ टक्के, तर स्त्रियांत ७५.८७ टक्के होते. म्हणजे सात वर्षे व त्यावरील वयाच्या दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक स्त्री निरक्षर होती. लग्नकार्य, भजन, ग्रामसभा, लसीकरण अशा अनेक कारणांनी या स्त्रियांची पावले समाजमंदिराकडे वळतात. तेथेच सायंकाळी वर्ग भरला, तर शाळेच्या पायरीची भीती आपोआप कमी होते.

२. शासकीय प्रयत्नांचा धावता आढावा

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गावाने एकत्र येऊन आपल्या सर्व प्रौढांना साक्षर करावयाचे, असा तिचा बाणा होता. गाव साक्षर झाल्यावर समारंभ होत असे. मात्र समारंभानंतर वाचावयास काही न मिळाल्याने पुष्कळ नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले, हा या मोहिमेने दिलेला महत्त्वाचा धडा होय.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. साक्षरतेबरोबर व्यवहारोपयोगी कौशल्य आणि सामाजिक जाणीव ही त्याची अंगे होती. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आणि ८ सप्टेंबर २००९ रोजी साक्षर भारत कार्यक्रम आला. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम 'उल्लास' या नावाने ओळखला जातो. तो १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी असून मुख्यतः स्वयंसेवकांवर आधारलेला आहे. त्यातील मूल्यमापन चाचणी वाचन, लेखन व संख्याज्ञान यांसाठी प्रत्येकी ५० अशी एकूण १५० गुणांची आहे.

३. 'निःशुल्क' वर्गाची किंमत

वर्गाला शुल्क नाही म्हणून तो शिकणाऱ्याला फुकट पडतो, असे मानणे योग्य नाही. सायंकाळचा दीड तास हा मोलकरणीच्या दृष्टीने घरच्या स्वयंपाकाचा, तर भाजीविक्रेत्याच्या दृष्टीने ऐन विक्रीचा वेळ असतो. याखेरीज संकोचाची किंमत वेगळीच. सुनेच्या किंवा नातवाच्या देखत हातात पाटी धरणे हे वाटते तितके सोपे नसते. 'आता या वयात शिकून काय करायचंय?' या प्रश्नात अनिच्छेपेक्षा हसे होण्याची धास्तीच अधिक असते.

ही किंमत तासांच्या हिशेबाने पाहणे उद्बोधक ठरते. राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या पद्धतीत मूलभूत साक्षरतेसाठी तीन पुस्तिका आणि सुमारे २०० तास गृहीत धरले होते. दररोज दीड तास याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस वर्ग भरल्यास आठवड्याला साडेसात तास मिळतात आणि २०० तासांना सुमारे २७ आठवडे लागतात. आठवड्यातून तीनच दिवस येऊ शकणाऱ्या व्यक्तीला तेवढ्याच तासांसाठी सुमारे ४५ आठवडे लागतील. या अवधीत पेरणी, सणवार, घरातील आजारपण यांपैकी काही ना काही आडवे येणारच. ज्या गावांतून कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तेथे दिवाळीच्या सुमारास सुरू केलेला वर्ग काही दिवसांतच ओस पडतो.

तात्पर्य, गैरहजेरीला 'आस्थेचा अभाव' असे नाव देऊन मोकळे होण्याऐवजी ती वेळापत्रकातच गृहीत धरली पाहिजे. दोन दिवसांनी आलेल्या व्यक्तीला मागील पाठ पुन्हा मिळेल, अशी सोय प्रत्येक आठवड्यात असावी.

४. अध्यापनाचे स्वरूप

४.१ अक्षरज्ञान : प्रौढ व्यक्तीला भाषा येतच असते, तिला लिपी शिकावयाची असते. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचा क्रम तिच्या दृष्टीने लांबलचक आणि निरर्थक ठरतो. त्याऐवजी ओळखीच्या शब्दापासून प्रारंभ करणे हिताचे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनीही शिकणाऱ्यांच्या जीवनातील अर्थपूर्ण शब्द निवडून, त्यांवर चर्चा घडवून आणि मग त्यांची फोड करून वाचन शिकविले. मराठीत 'पगार' हा शब्द घेतला तर प, ग, र ही अक्षरे आणि काना एवढ्या सामग्रीवर 'राग', 'गार', 'पार' असे शब्द तयार होतात. पगार किती, कधी आणि कोणाच्या हातात मिळतो, यावर आधी बोलणे झाले की शब्द मनात ठसतो. पुढे ग-म-भ-न, र-स-ख, व-ब-क अशा आकारसाम्याच्या गटांनी लेखनाचा सराव घ्यावा.

४.२ संख्याज्ञान : येथे शिक्षकाने विशेष सावध राहावे. आठवडी बाजारात बसणारी स्त्री पावणेदोन किलो वांग्यांचा हिशेब तोंडी करते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांवर तिची हुकमत असते. तिला गणित येत नाही असे म्हणणे चूक होय. तिला अंकांची ओळख आणि मांडणी तेवढी हवी असते. म्हणून तिच्याच तोंडी हिशेबाला फळ्यावर उतरवून दाखविणे ही योग्य सुरुवात होय.

४.३ व्यवहारोपयोगी पाठ : बँकेची पैसे काढण्याची पावती, शिधापत्रिका, औषधाच्या वेष्टनावरील मुदत, बसची पाटी, मोबाइलवर आलेला ओटीपी ही खरी पाठ्यसामग्री होय. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे वाक्य वाचता येणे आज स्वसंरक्षणाचा भाग बनले आहे. अंगठ्याऐवजी सही करता येणे ही मोठी आनंदाची गोष्ट खरी. परंतु ज्यावर सही करावयाची तो मजकूर वाचता येत नसेल, तर सही अंगठ्याइतकीच धोक्याची ठरते.

५. वर्गाची व्यवस्था

वेळ शिकणाऱ्यांनी ठरवावी. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या 'आजीबाईंच्या शाळे'चा वर्ग दुपारी भरत असे, कारण घरकाम आटोपल्यावर वृद्ध स्त्रियांना तीच वेळ सोयीची होती. सायंकालीन वर्गाचेही तेच तत्त्व आहे. एखाद्या वस्तीत सायंकाळी सहाची वेळ चालेल, तर दुसरीत रात्री आठची.

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. अक्षर 'लक्षात राहत नाही' अशी तक्रार करणाऱ्या व्यक्तीला कित्येकदा ते नीट दिसतच नसते. म्हणून वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात नेत्रतपासणी करून घ्यावी आणि पुरेशा प्रकाशाची सोय पाहावी. विळा-खुरप्याला सरावलेल्या हाताला पेन्सिल धरण्यास अवधी लागतो, तो द्यावा. स्वयंसेवक विद्यार्थी वयाने लहान असल्याने त्यांनी शिकणाऱ्यांना मावशी, काका, ताई असे संबोधून अहो-जाहो करावे. चूक सर्वांसमक्ष न दाखविता जवळ बसून दुरुस्त करावी.

६. महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययनाला स्वतंत्र प्रकरण दिले असून शाळेच्या वेळेनंतर शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या जागा वापरण्याची शिफारस केली आहे. मनुष्यबळ मात्र बहुतांशी महाविद्यालयांतूनच यावयाचे आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचे नियमित कार्य अपेक्षित असते. एकाच विद्यार्थ्याने रोज वर्ग घेतला तर हे तास १६ आठवड्यांत संपतात. तोवर नियमित येणाऱ्या व्यक्तीचे २०० पैकी १२० तास, तर तीन दिवस येणाऱ्या व्यक्तीचे केवळ ७२ तास झालेले असतात. विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र पूर्ण होते; शिकणारी व्यक्ती अर्ध्या वाटेवर राहते. आपल्या अहवालांत हे अर्धवट राहिलेले शिक्षण सहसा दिसत नाही.

यावर उपाय अवघड नाही. एका वर्गास दोन स्वयंसेवक नेमल्यास २४० तास, म्हणजे ३२ आठवडे उपलब्ध होतात. त्यांपैकी एक प्रथम वर्षाचा व एक द्वितीय वर्षाचा असल्यास पुढील वर्षी एक ओळखीचा चेहरा वर्गात कायम राहतो. परीक्षेच्या काळात वर्गाची जबाबदारी कोणाकडे असेल, हे आरंभीच ठरवावे. सात दिवसांच्या विशेष शिबिरात वस्तीची पाहणी करून शिकू इच्छिणाऱ्यांची यादी आणि त्यांच्या सोयीची वेळ नोंदवावी.

७. निष्कर्ष

१) निःशुल्क वर्गाची खरी किंमत शिकणारी व्यक्ती मोजते, त्यामुळे वेळ व गती ठरविण्याचा अधिकारही तिचाच असावा.
२) वर्गाचे मोजमाप नोंदणीवर न करता प्रत्येक व्यक्तीला मिळालेल्या तासांवर करावे.
३) प्रौढ व्यक्तीचे बोलणे, तोंडी हिशेब आणि जीवनानुभव हाच अध्यापनाचा पाया असावा.
४) चाचणीनंतरही समाजमंदिरात मोठ्या टाइपातील पुस्तके, वृत्तपत्र आणि आठवड्यातून एक वाचनवर्ग चालू ठेवावा.

विद्यार्थ्यांना वस्तीत पाठविताना आपण प्राध्यापक त्यांच्या तासांचा हिशेब काटेकोरपणे ठेवतो. समाजमंदिराच्या सतरंजीवर त्यांच्यासमोर बसलेल्या व्यक्तीच्या तासांचा हिशेबही त्याच वहीत, त्याच काटेकोरपणे ठेवला जावा, एवढीच येथे अपेक्षा आहे.