निरोप आणि शुद्धलेखन

आमच्या वाडीत पूर्वी पत्र आले म्हणजे ते वाचून दाखविण्याचे काम पोस्टमनकडे असे आणि उत्तर लिहिण्याचे शाळेतल्या गुरुजींकडे. आज ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तळा तालुक्यातील इतर वाड्यांप्रमाणे आमचीही निम्मी माणसे मुंबईला असतात. आता पत्रे जात नाहीत, मोबाईलवर निरोप जातात. तरीही ‘पोरगी कॉलेजात जाते, तिला लिहू दे’ असे म्हणून फोन माझ्या हातात देण्याची पद्धत चालूच आहे.

गेल्या वर्षी आषाढात आजीला ताप भरला. बाबा तिला घेऊन माणगावला दवाखान्यात गेले. मुंबईच्या काकांना कळवावे म्हणून मी लिहिले, ‘आजी गेली’, आणि घाईत पाठवूनही दिले. पुढचे ‘माणगावला, दवाखान्यात, बाबा सोबत आहेत’ हे लिहीपर्यंत रेंज गेली. आमच्याकडे पावसात रेंज एकदा गेली की तिची वाट पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून मीही फोन ठेवून चुलीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काका, काकू आणि मुंबईतले चार भाऊबंद दारात उभे. काकू उंबऱ्यावरच रडायला लागल्या. आजी पडवीत बसून चहा पीत होती. ती म्हणाली, “गेले व्हते मानगावला. आले परत.” सगळे हसले, काका मात्र हसले नाहीत. हातपाय धुऊन झाल्यावर ते मला एवढेच म्हणाले, “बाय, पुरे लिहीत जा.”

वाचकहो, माझ्या त्या दोन शब्दांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वेलांट्या जागच्या जागी होत्या. परंतु मराठीत माणूस ‘गेला’ म्हणजे काय, हे लहान मुलालाही कळते. म्हणून तर घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. कागदावर वाक्य संपल्याची खूण पूर्णविराम देतो. मोबाईलवर तेच काम निरोप पाठविण्याची कळ करते, हे मला त्या दिवशी समजले. अर्ध्यावर ती दाबली की वाचणाऱ्याच्या दृष्टीने वाक्य संपले.

आता दुसरी बाजू सांगते, आणि तीत दोष माझाच आहे. प्रथम वर्षाला असताना वर्गात शुद्धलेखनाचे नियम शिकून मी नुकतीच शहाणी झाले होते. भावकीच्या ग्रुपवर शेजारच्या वहिनींनी लिहिले होते, ‘सोमवारी सकाली ९ ला डाकतर येनार हाय. शालेत. पोरांचे कारड घेउन या.’ मी त्याखाली चुकांची यादी दिली : सकाळी, डॉक्टर, येणार, आहे, शाळेत, कार्ड, घेऊन. मुंबईच्या मुलांनी हसण्याची चित्रे टाकली. त्या दिवसापासून वहिनींनी ग्रुपवर अक्षर लिहिले नाही. कोण येणार, कधी, कोठे आणि काय आणावयाचे हे सारे त्यांच्या निरोपात होते. पुढच्या खेपेला डॉक्टर आले तेव्हा ग्रुपवर कोणी कळविलेच नाही आणि खालच्या आळीतली मुले राहून गेली. यादी करणारी मीही त्या दिवशी कॉलेजात होते.

वास्तविक वहिनींनी लिहिले ते आमच्या बोलीप्रमाणे. आमच्याकडच्या आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. ज्याला आपण चूक म्हणतो तो त्यांचा उच्चार आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतही कथा-कादंबरीतील पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्यास मुभा आहे. मग कादंबरीतल्या पात्राला जी सवलत, ती आमच्या वहिनींना का नसावी?

नियमांचा इतिहास पाहिला तर माणूस थोडा नम्र होतो. आज आपण पाळतो ते महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्यापूर्वी ‘कवि’ आणि ‘गुरु’ शुद्ध होते, ‘नांव’ आणि ‘घरांत’ शुद्ध होते. म्हणजे त्या काळात ज्या मुलाला ‘कवि’साठी पैकीच्या पैकी गुण मिळाले, त्याच्या नातवाचा तोच शब्द आज कापला जातो. त्याहून मागे गेलो तर मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलाच जात नसे, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. विरामचिन्हे तर एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने मराठीत रुळली. तरीही त्या मोडी पत्रांवर राज्यकारभार चालला.

आमच्या तालुक्यातच कुडे येथे राजपुरी खाडीजवळ सव्वीस लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतले दानलेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, भाषा प्राकृत. दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. त्या लेखांत जोडाक्षरातले एक अक्षर सर्रास गाळलेले असते, ‘धम्म’ऐवजी ‘धम’ असते. पण कोणी दिले, तो कोणाचा कोण, धंदा काय, आणि काय दिले, हे दोन ओळींत सांगितलेले असते. दगडात एकेक अक्षर खोदावयाचे म्हटल्यावर माणूस फापटपसारा टाकतो आणि नेमके तेवढे ठेवतो. आमच्या वहिनींचा निरोप मला त्या जातीचा वाटतो.

याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यावे असा कोणी घेऊ नये. ‘शिक्षक दिन’ची वेलांटी दीर्घ झाली की शिक्षक दीन होतात, आणि असा फलक मी डोळ्यांनी पाहिला आहे. अर्जात, दाखल्यावर तर एका वेलांटीने नाव जुळत नाही आणि बापाला दोन दिवसांची मजुरी बुडवून हेलपाटे घालावे लागतात. तेथे नियम हवाच. परीक्षेत हवा, या अंकातही हवा. माझे म्हणणे निरोपापुरते आहे.

निरोपात खरा घोटाळा करतात ते वेगळेच शब्द. ‘उद्या’ हा त्यातला पहिला. आमच्याकडे रेंज मिळते ती देवळाच्या ओट्यावर, त्यामुळे रात्रीचा निरोप सकाळी पोहोचतो आणि तोवर ‘उद्या’चा ‘आज’ झालेला असतो. वार आणि तारीख लिहिली तर हे टळते. जुन्या पत्राच्या कोपऱ्यात दिनांक लिहीत, तो उगीच नव्हे. दुसरा घोटाळा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याचा. त्यात ‘ळ’ला अक्षर नाही, ‘त’ आणि ‘ट’ एकच. ‘माळ’ मागविली की ‘माल’, हे दुकानदाराने ओळखावे. आमच्या गावाचे नाव टी, ए, एल, ए असे लिहिले की मुंबईची मैत्रीण ‘टाळा’ वाचते. तळ्याला या म्हटले तर लोक टाळायचेच! असो.

शिमग्याला काका आले तेव्हा मी वहिनींकडे गेले. बोलले फार नाही. भाकऱ्या थापीत त्यांनी विचारले, “आता काय चुकलं?” मी म्हटले, “माझंच चुकलं, वहिनी.” त्या काही बोलल्या नाहीत, तव्यावरची भाकरी उलटली.

मे महिन्यात वाडीत टँकर सुरू झाला. एका रात्री ग्रुपवर निरोप दिसला : ‘बुदवार १४ तारीक. टाकीवर पानी ७ ला. हंडे भरुन घ्या.’ खाली कोणी काही लिहिले नाही. सकाळी पावणेसातला मी दोन हंडे घेऊन टाकीवर गेले, तर वहिनी माझ्या आधी रांगेत होत्या.