कोंबडी खाते, ते अंड्यात उतरते

"डॉक्टरसाहेब, पोराले अंडी द्याची का बंद कराची?" २०२५ च्या डिसेंबरात हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज येत होता. अंड्यांत नायट्रोफ्युरान या औषधाचे अंश सापडले, त्याने कॅन्सर होतो, अशी चर्चा मोबाईलवरून गावोगाव पोहोचली होती. अखेर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला खुलासा करावा लागला. देशातील अंडी खाण्यास सुरक्षित आहेत, हे औषध कोंबड्यांना देण्यास मुळातच बंदी आहे, आणि किलोमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, ही मर्यादा तपासणीसाठी ठरवलेली आहे, असे प्राधिकरणाने सांगितले. मी विचारणाऱ्यांना अंडी चालू ठेवायला सांगितले. तरी प्रश्न वेडगळ नव्हता. कोंबडीच्या पोटात गेलेले काही ना काही अंड्यात उतरतेच.

ते कसे उतरते, हे पाहण्यासारखे आहे. अंड्याचा पिवळा बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत भराभर वाढतो. पांढरा भाग त्याभोवती दोन-तीन तासांत चढतो, आणि कवच व्हायला वीसेक तास लागतात. पिवळ्या बलकात चरबी भरपूर. म्हणून चरबीत विरघळणारे रसायन तिथेच जाऊन बसते. शिवाय कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहानमोठे अनेक बलक वाढत असतात. आज खाद्य बदलले तरी उद्याचे अंडे स्वच्छ होत नाही, ते यामुळे. डीडीटीसारखे चिवट रसायन कोंबडीच्या चरबीत साठले, तर ते पुढे कित्येक आठवडे अंड्यातून निघत राहते. उकळून किंवा तळून ते जात नाही.

आपल्या भागातले उदाहरण म्हणजे सरकीची ढेप. अकोला हे तिचे माहेरघर. वायदेबाजारातही ढेपेच्या सौद्याला अकोला हेच मूळ केंद्र धरले गेले. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या गाई-म्हशींना ढेप बेताने चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बरेचसे बांधले जाते. कोंबडीला ही सोय नाही. सोयाबीन महागले की ढेप स्वस्त पडते, आणि ती खाद्यात जास्त झाली तर गॉसिपॉल बलकातील लोहाशी जुळते. अंडे काही दिवस ठेवले की पिवळा बलक शेवाळी हिरवट दिसू लागतो. सरकीच्या तेलातील आणखी एका घटकामुळे पांढरा भाग गुलाबी होतो. खाद्यात हिराकस मिसळून गॉसिपॉल बांधता येते, हे जाणत्या पोल्ट्रीवाल्यांना ठाऊक असते. (अंडे फार वेळ उकडल्यावर बलकाभोवती दिसणारे हिरवे कडे मात्र निराळे. ते निरुपद्रवी असते.)

ढेपेचा दोष निदान डोळ्यांना दिसतो. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्याची. बेल्जियममध्ये १९९९ च्या जानेवारीत पशुखाद्यात घालायच्या चरबीत यंत्रांचे दूषित तेल मिसळले गेले. त्यात पीसीबी आणि डायॉक्सिन ही विषे होती. फेब्रुवारीपासून अंडी उबेनात, पिले मरू लागली. जनतेला कळले ते मे अखेरीस. आरोग्य आणि शेती खात्याच्या मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले, आणि जूनच्या निवडणुकीत सरकारही गेले. तोवर ती अंडी कित्येकांच्या पोटात गेली होती, कारण ती दिसायला-खायला नेहमीसारखीच होती.

"मग आम्ही गावरानच घेतो," असे पुष्कळजण म्हणतात. त्यांना थोडे थांबवावेसे वाटते. गावरान कोंबडी माती उकरते, उकिरडा वेचते, कपाशीच्या फवारलेल्या वावरात फिरते. शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये, बीएचसी पावडरीवर १९९७ मध्ये आणि एन्डोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली, पण पहिली दोन मातीत वर्षानुवर्षे टिकतात. प्लास्टिक जाळलेल्या राखेत डायॉक्सिन असते. २००५ मध्ये लखनौ आणि केरळातील एलूर येथे मोकाट कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यांत हेच सापडले होते. गावरान अंडे वाईट, असे माझे म्हणणे नाही. ती कोंबडी कुठे चरते, ते पाहावे. परसात कोंबड्या असतील तर कचरा जाळायची जागा त्यांच्यापासून दूर ठेवा. पेरून उरलेले गुलाबी-निळे, औषध लावलेले बियाणे त्यांच्यापुढे टाकू नका. फवारणीनंतर काही दिवस त्यांना वावरात सोडू नका.

बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन अंड्यात फारच थोडे उतरते. त्याचा मार कोंबडीच्या यकृतालाच बसतो. गाईला तसे खाद्य घातले तर दुधात त्याहून बरेच जास्त येते, पण दुधाबद्दल असे कुणी विचारत नाही!

औषधांचे प्रकरण माझ्या धंद्याशी भिडते. कोलिस्टिन हे आम्ही इतर औषधे हरल्यावर वापरायचे औषध. ते कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून दिले जाई. २०१९ च्या जुलैत केंद्राने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. जी औषधे चालतात, त्यांच्या पाकिटावर शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस अंडी विकू नयेत, ते लिहिलेले असते. कोंबडी आजारी असो वा नसो, अंडे रोज येते आणि व्यापारी दाराशी उभा असतो. त्या दिवसांची अंडी फेकणे जिवावर येते, हे मी समजू शकतो. तरीही ती बाजारात जाता कामा नयेत. शंका असेल तर पशुवैद्यकाला विचारावे, अकोल्यात तर पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाच आहे.

मुलांचे म्हणाल, तर एका अंड्यात सहाएक ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. मेळघाटातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी दिली गेली, ती याचसाठी. रक्त कमी असलेल्या, हडकुळ्या मुलाला मी आजही रोज एक उकडलेले अंडे लिहून देतो.