मूत्राशय काढावा की राखावा?

लहरीपुऱ्यात व त्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या मराठी घरांतून मधुमेह, संधिवात, मोतीबिंदू यांची चर्चा मोकळेपणाने होते. लघवीच्या विकाराचे नाव मात्र वडीलधारी मंडळी सहसा काढीत नाहीत. हा संकोच घातक ठरू शकतो. कसलीही वेदना नसताना लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच का जाईना, हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. विडी-सिगारेट हे ह्या रोगाचे सर्वांत मोठे कारण होय.

रोग आतल्या अस्तरापुरताच असेल तर दुर्बिणीने गाठ खरवडून काढतात व जरूर तर मूत्राशयात औषध सोडतात. तो स्नायूत उतरला, म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. मूत्राशय काढून टाकणे हा रूढ उपाय. त्यानंतर लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात व पोटावर पिशवी लावतात. काहींना आतड्याचाच नवा मूत्राशय करून देता येतो. दुसरा मार्ग मूत्राशय राखण्याचा. त्यात दुर्बिणीने शक्य तितकी गाठ काढून किरणोपचार व त्याच्या जोडीला केमोथेरपी देतात.

२०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ ह्या नियतकालिकात अमेरिका व कॅनडातील ७२२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. पाच वर्षांत रोग अन्यत्र न पसरलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ७४ टक्के, तर मूत्राशय राखल्यावर ७५ टक्के आढळले. मात्र हे रुग्ण निवडक होते. गाठ एकच व सात सेंटिमीटरांहून लहान होती. कोणाला कोणता उपचार द्यावा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविलेले नव्हते. शिवाय मूत्राशय राखलेल्यांपैकी १३ टक्क्यांना पुढे तो काढावाच लागला. म्हणून हा मार्ग पत्करणाऱ्याने दुर्बिणीची तपासणी वर्षानुवर्षे चुकविता कामा नये.

नडियादचे मूळजीभाई पटेल मूत्रविकार रुग्णालय आपल्याला जवळचे आहे. शल्यविशारद कोठलाही असो, त्याच्याबरोबरच किरणोपचार-तज्ज्ञाचे मतही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. पिशवीची व्यवस्था जमेल काय, वारंवार तपासणीला जाणे झेपेल काय, हे रुग्णालाच विचारावे. मुलांनी आपापसांत ठरवून वडिलांना नुसते कळवावे, असा हा निर्णय नव्हे.