नाव बदलते, ओळ तीच राहते

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकून. संगणकाची आज्ञावली लिहिणे हा आमचा मूळ प्रांत नव्हे. परंतु खतावणीत नाव एकाचे आणि रक्कम दुसऱ्याची पडली तर काय होते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. म्हणून पायथन शिकणाऱ्या विद्यार्थी मित्रांसाठी हे चार शब्द.

पायथनमधील पांडाज या साधनात प्रत्येक तक्त्याच्या डावीकडे ओळींची नावे असतात. त्यांना इंडेक्स म्हणतात. ही नावे म्हणजे ओळ ओळखण्याची खूण. बेगडेवाडी स्थानकाची पाटी बदलली, तरी देहू रोड व घोरावाडी यांच्यामधली त्याची जागा हलत नाही, तसेच हे आहे.

उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२, उस्मानाबादची १६,५७,५७६ आणि अहमदनगरची ४५,४३,१५९ अशी आहे. पुढे २०२३ साली पहिले दोन जिल्हे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाले, २०२४ साली तिसरा अहिल्यानगर झाला. आता नव्या नावांच्या तक्त्याला हा जुना तक्ता नावावरून जोडला, तर धाराशिवपुढे लोकसंख्येचा रकाना कोराच राहतो. संगणकाला ते दोन वेगळे जिल्हे वाटतात.

यावर उपाय म्हणजे रीनेम ही आज्ञा. तिला इंडेक्स या नावाखाली जुने नाव व नवे नाव अशा जोड्या द्याव्यात. जेवढ्या जोड्या, तेवढीच नावे बदलतात. आकडे जागच्या जागी राहतात.

मात्र काही पथ्ये पाळावीत. एक, ही आज्ञा नवा तक्ता देते. तो नाव देऊन जपून ठेवला नाही तर मूळ तक्ता जुनाच राहतो. दोन, जुने नाव लिहिताना एक काना चुकला तरी संगणक तक्रार करीत नाही, गुपचूप पुढे जातो. एरर्स हा पर्याय रेज असा ठेवल्यास तो चूक दाखवतो. तीन, रीइंडेक्स ही आज्ञा नाव बदलत नाही, नव्या नावाची ओळ शोधते. न सापडल्यास रिकामी ओळ देते.

चौथे पथ्य आम्ही ठेच खाऊन शिकलो. विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी करताना आम्ही तक्ता गुणांच्या क्रमाने लावला आणि इंडेक्सवर नावांची जुनी यादी सरसकट चिकटवली. संख्या जुळत होती, म्हणून संगणक गप्प बसला. एका मुलीचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेले होते. तिने स्वतः विचारले, म्हणून मदतीच्या यादीतून तिचे नाव गळता गळता वाचले.

तेव्हा मित्रहो, नावे जोडीनेच बदला आणि बदलल्यावर दोन-चार ओळी मूळ कागदाशी ताडून पाहा. प्रत्येक ओळीमागे एक माणूस उभा असतो, एवढे ध्यानात ठेवावे, हीच विनंती.