रक्त तपासून कुष्ठरोग कळतो का? चट्टा बधिर असेल तर ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर विसंबू नका

दादर : गावाकडून उपचारासाठी मुंबईला आलेली बरीच मंडळी दादरला उतरतात. घेऊन जायला आलेला नातेवाईक सांगतो, “आधी रक्त तपासून घे, सगळं कळेल.” मलेरिया, साखर, कावीळ यांच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. कुष्ठरोगाचं तसं नाही. अंगावर बधिर चट्टा असताना रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून माणूस निर्धास्त घरी परतला, तर नस खराब होऊन पुढे बोटं वाकडी होऊ शकतात.

मग रक्ताची तपासणी नाहीच का? आहे. कुष्ठरोगाच्या जंतूच्या आवरणात एक खास मेदयुक्त पदार्थ असतो. 1980 च्या सुमारास संशोधकांनी तो ओळखला आणि त्याला पीजीएल-1 नाव दिलं. जंतू शरीरात शिरला की या पदार्थाविरुद्ध रक्तात अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार होऊ शकतात. एलायझा पद्धतीने किंवा बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पट्टीने ती मोजता येतात.

अडचण पुढे आहे. कुष्ठरोग सगळ्यांना एकसारखा होत नाही. काहींच्या अंगावर एक ते पाचच चट्टे येतात आणि जंतू फार थोडे असतात. यांच्या शरीरातल्या पेशीच जंतूंना आवरून धरतात, त्यामुळे अँटिबॉडी फारशा बनत नाहीत. यातल्या बहुतेकांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आजार असूनही! दुसऱ्या प्रकारात जंतू भरपूर असतात आणि अँटिबॉडीही भरपूर. पण त्यांचा उपयोग होत नाही, कारण जंतू पेशींच्या आत लपलेले असतात. म्हणजे जिथे निदान लवकर व्हायला हवं, नेमकी तिथेच ही तपासणी कमी पडते.

उलटंही होतं. रुग्णासोबत राहणाऱ्या धडधाकट माणसाच्या रक्तातही या अँटिबॉडी सापडतात. शरीराची जंतूशी गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ. अशांना पुढे आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण बहुतेकांना तो होत नाही. नुसत्या अशा कागदावरून सोयरीक मोडणं किंवा कुणाला कामावरून काढणं हा शुद्ध अडाणीपणा झाला.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी ही तपासणी सुचवलेली नाही. डॉक्टरांना तिची मदत होते ती वेगळ्या ठिकाणी. चट्टे नाहीत, पण कातडी चकाकतेय, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, अशा जास्त जंतूंच्या रुग्णात संशय पक्का करायला ती हात देते. उपचारानंतर अँटिबॉडी हळूहळू उतरतात, तेही पाहता येतं.

दादरहून जवळच, वडाळ्याला, महापालिकेचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. 1890 मध्ये बेघर रुग्णांसाठी ते सुरू झालं. पण खरी तपासणी आपल्या तालुक्यातही होते. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचं टोक किंवा कापूस टेकवतात. स्पर्श कळला नाही तर संशय बळावतो. कोपराजवळची, गुडघ्याजवळची नस जाड झालीय का, ते हाताने चाचपतात. गरज पडली तर कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन द्रव काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधतात. दिसायला साधं वाटतं, पण रक्ताच्या रिपोर्टपेक्षा भरवशाचं हेच.

गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. हाता-पायाची ताकद किंवा संवेदना नुकतीच गेली असेल, तर सहा महिन्यांच्या आत दवाखाना गाठायला हवा. तोवर ती परत येण्याची आशा बरीच असते.

घरात कुणाला आजार निघाला, तर बाकीच्यांनीही अंग तपासून घ्यावं. आजार नसलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. त्याने पुढचा धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. या जंतूला लक्षणं दाखवायला सरासरी पाच वर्षं, कधी कधी वीसही लागतात. त्यामुळे आज अंग स्वच्छ दिसलं तरी पुढे नवा चट्टा उठला की आशाताईंना दाखवावा.