एकच पान, दोन रंग

इ. स. २०२० च्या जून महिन्यांत आपल्या जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून, खाऱ्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्मजीव व त्यांचें रंगद्रव्य हें त्याचें कारण ठरविलें. रंग खरा होता. परंतु तो किती गुलाबी, हें ज्यानें त्यानें आपल्या कॅमेऱ्याप्रमाणें सांगितलें. लँडसॅट ८ या उपग्रहाचीं २५ मे व १० जूनचीं चित्रें तुलनेस अधिक विश्वसनीय, कारण दोन्हीं एकाच यंत्रानें घेतलेलीं असून त्या यंत्राचें मापन वेळोवेळीं पडताळलें जातें.

सरोवराच्या रंगाशीं शेतकऱ्यास काय कर्तव्य, असें कोणी विचारील. गेल्या खरिपांत आम्हीं सोयाबीनचें एकच पान दोन कॅमेऱ्यांनीं टिपलें. एकांत तें पिवळें आलें, दुसऱ्यांत चांगलें हिरवें. पहिलें चित्र पाहून एका जाणत्या स्नेह्यांनीं नत्राची उणीव सांगितली. दुसरें पाहतांच पीक निरोगी म्हटलें! युरियाचें पोतें फोडण्यापूर्वीं दुसरें चित्र दाखविलें, हें आमचें दैव.

असें कां होतें? दिव्याचा उजेड पिवळा (सुमारें २,८०० केल्व्हिन), दुपारचें ऊन सुमारें ५,५०० आणि मोकळ्या आकाशाखालील सावली ७,००० च्या वर, म्हणजे निळसर. आपला डोळा हा फरक आपोआप वजा करितो, म्हणून पांढरें धोतर दिव्याखालींहि पांढरेंच दिसतें. कॅमेऱ्यास पांढरें कोणतें हें अंदाजानें ठरवावें लागतें, आणि तो अंदाज चुकतो. हिरव्या शेतानें चौकट भरली म्हणजे तर हमखास.

कॅमेऱ्याच्या पटलावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्या असतात; निम्म्या हिरव्या, बाकीच्या दोहोंत समान. कोडॅकच्या ब्राइस बायर यांस या रचनेचें पेटंट १९७६ सालीं मिळालें. गाळण्या मात्र प्रत्येक कारखान्याच्या निराळ्या. ‘रॉ’ या कच्च्या नोंदींत पांढऱ्याचा अंदाज कायमचा मुरलेला नसतो, तो मागाहून बिनधोक बदलतां येतो. पण दोन कॅमेऱ्यांच्या नोंदींस ५,५०० हाच आंकडा दिला म्हणून रंग एक होत नाहींत; गाळण्यांतला भेद तसाच राहतो.

उपाय सोपा आहे. पानाशेजारीं, त्याच उजेडांत, छायाचित्रकाराच्या दुकानीं मिळणारें करडें कार्ड ठेवावें व संपादन करितांना दोन्हीं चित्रांत त्या करड्यावरूनच रंग बसवावा. तरीहि फरक उरल्यास चोवीस चौकटींच्या रंगपट्टीवरून प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र जुळणी करून ठेवतां येते. कोऱ्या कागदावर फार विसंबूं नये. धोतरास नीळ द्यावी तसें त्यास कारखान्यांत उजळ करणारें द्रव्य दिलेलें असतें, आणि त्यामुळें चित्र उलट पिवळट होतें.

कार्ड नसेल तर रंगाची छटा सोडून मांडणी पाहावी. लोहाच्या उणिवेंत कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा हिरव्या राहतात. नत्राच्या उणिवेंत खालचीं जुनीं पानें आधीं सरसकट पिवळीं होतात. पांढऱ्या माशीमुळें पसरणाऱ्या मोझॅकांत पिवळे-हिरवे ठिपके मिसळलेले असतात. हा भेद कोणत्याहि कॅमेऱ्यांत टिकतो. म्हणून एका पानाबरोबर सबंध झाडाचेंहि चित्र पाठवावें, व तें उन्हांत काढलें कीं सावलींत, हें खालीं लिहावें.