ईमेल सेवा बदलताना

भिलाईतील आमच्या एका लघुउद्योजक ग्राहकांनी ईमेल सेवा बदलली आणि त्यांची देयके खरेदीदारांच्या स्पॅममध्ये पडू लागली. वसुली रखडली, कर्जखात्यावर ताण आला.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावे पत्र पाठविण्यास अधिकृत असलेल्या सर्व्हरांची यादी. त्यांनी नव्या सेवेसाठी दुसरी एसपीएफ नोंद जोडली होती. डोमेनला अशी एकच नोंद चालते. दोन आढळल्यास तपासणीच फसते. जुनी व नवी सेवा एकाच नोंदीत लिहावी.

डीकेआयएमची किल्ली नमुना स्वाक्षरीसारखी. वाटेतली जुनी पत्रे जुन्या किल्लीवरच पडताळली जातात, म्हणून ती काही दिवस राहू द्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक प्रेषकाकडून या दोहोंपैकी किमान एक मागते.

नोंदींतील बदल सर्वत्र पोचण्यास दोन दिवसही लागू शकतात. हे काम महिनाअखेरीस काढू नये, असे आमचे प्रांजळ मत.